तोंडात तीन, अंगठ्यात पाच!

तुला एक गुपित सांगू? कुणाला सांगू नकोस हं. माझ्या भाचीला तर मुळीच नको!

ती नववीत आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही सगळे सौताड्याला गेलो होतो. सौताडा कुठं आहे ठाऊक आहे ना? बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. विंचरणा नदी तिथं कड्यावरून धाडकन खाली उडी मारते! खाली रामेश्वराचं देऊळ आहे. बीड म्हटलं की लोकांना फक्त दुष्काळ आठवतो. त्यांना एकदा पावसाळ्यात इथं आणून उभं केलं पाहिजे. तुषारांनी चष्मा इतका भिजतो, की पुसून पुसून रुमालच पिळावा लागतो!

तर, परत येताना सगळ्यांना सपाटून भूक लागली. रस्त्यावर एक छोटं हॉटेल दिसलं. कोणतं, ते नाही सांगणार! आम्ही कांदाभजी मागवली. भाचीनं पहिलं भजं उचललं आणि खालच्या कागदावर तेलाचा हा एवढा मोठा गोल! कागदाखालून मुंगी गेली असती, तर तिचे पाय मोजता आले असते.

"मामा, किती तेलकट आहेत हो!" ती म्हणाली. "मी तर पाचपैकी तीनच मार्क देईन. तेही भूक लागलीये म्हणून."

मग तिनं आईचा मोबाइल घेतला. नकाशा उघडला. हॉटेलचं नाव शोधलं. पडद्यावर पाच पोकळ चांदण्या आल्या. तिचा अंगठा तिसऱ्या चांदणीपाशी गेला. तिथंच थबकला. तिनं पडदा खाली सरकवला. दुसऱ्यांनी काय काय लिहिलंय ते वाचलं. मग परत वर आली.

आता ओळख बघू, तिनं किती चांदण्या दिल्या असतील?

पाच! वर लिहिलं, 'लई भारी भजी!!' आणि पुढं तीन हसरे चेहरे!

तोंडात तीन आणि अंगठ्यात पाच! मधल्या दोन चांदण्या आल्या तरी कुठून? तेव्हापासून मी त्या दोन चांदण्यांच्या मागावर आहे. चल, तूही ये माझ्याबरोबर.

आधी एक छोटी गोष्ट समजून घेऊ. आपण एखादी वस्तू विकत घेतो. काहीतरी खातो. कुठंतरी फिरायला जातो. ते कसं वाटलं, हे इंटरनेटवर सगळ्यांना सांगतात ना, त्याला म्हणायचं रिव्ह्यू. मराठीत अभिप्राय. चांदण्या दिल्या की ते झालं रेटिंग. शाळेत बाई आपल्याला मार्क देतात. इथं आपण भज्यांना मार्क देतो! आणि तेरा ते एकोणीस वर्षांच्या ताई-दादांना याची कोण हौस! या वयाला म्हणतात कुमारवय.

मोबाइल नव्हता, तेव्हा मत कसं फिरायचं? पायांनी! एका गावातून दुसऱ्या गावात, एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर.

सीताफळाचंच बघ ना. बीडच्या बालाघाट डोंगरात सीताफळाची खूप झाडं. इतकी प्रसिद्ध, की 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय? तुझ्या वहीवर तुझं नाव असतं ना, तसं त्या फळावर बीडचं नाव लागलं! दसऱ्याच्या आगेमागे रस्त्याच्या कडेनं बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसतात. माझी आजी फळ कसं निवडायची सांगू? ती त्याचे डोळे बघायची!

हो, हो, सीताफळाला डोळे असतात! अंगावरचे ते फुगीर खवले म्हणजेच डोळे. दोन डोळ्यांमधली रेघ फाकली, आतून पिवळट दिसायला लागली, की समजायचं फळ एक-दोन दिवसांत पिकणार. रेघ घट्ट मिटलेली असेल तर फळ कच्चं. मग आजी घरी येऊन फळ खायची. बिया हातावर मोजून टाकायची. आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगायची, "त्या वळणावरच्या बाईकडचीच घ्या गं. साखर आहे साखर!"

झाला की रिव्ह्यू! पण तो पोचायचा दहा-बारा जणींपर्यंत. आणि त्यात एक मेख होती. आजीला सगळे ओळखायचे. सीताफळं बेचव निघाली, तर दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर आजीलाच बोलणी बसणार! म्हणून ती तोलूनमापून बोलायची.

भाचीच्या पाच चांदण्या मात्र कोण बघणार? उद्या नागपूरहून येणारे एखादे काका. ते हिला ओळखत नाहीत. ही त्यांना ओळखत नाही. भजी तेलकट निघाली, तर ते काही हिच्या दारात भांडायला यायचे नाहीत!

मग ती लिहीत होती तरी कुणासाठी? मी सरळ विचारलंच.

"अहो मामा, मैत्रिणी बघतात ना!"

सापडला! पहिला धागा सापडला!

तुला दोन्ही हात सोडून सायकल चालवता येते का? खरं सांग, रस्त्यावर कुणी नसताना तू हात सोडून चालवशील का? आणि कट्ट्यावर सगळी गँग बसलेली असेल तर? बघ, हसायला आलं ना!

अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोघांनी नेमकं हेच तपासलं. 2005 साली त्यांचा प्रयोग छापून आला. त्यांनी मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम दिला. पिवळा दिवा लागला की जपायचं, कारण कोणत्याही क्षणी पुढं भिंत येणार! जितकं पुढं जाल तितके गुण जास्त. पण भिंतीवर आपटलात की सगळं गेलं. काही जण एकटे खेळले. काहींच्या शेजारी त्यांचे सोबती बसले.

काय झालं असेल? तेरा ते सोळा वर्षांची मुलं सोबती बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करायला लागली. आणि चोवीस वर्षांपुढची मोठी माणसं? त्यांना सोबत्यांमुळं फारसा फरक पडला नाही. गेम तोच, गाडी तीच, भिंत तीच! बदलले फक्त बघणारे डोळे.

मोबाइलवर चांदण्या देताना तर सगळी गँग खिशातच बसलेली असते.

बरं, त्या गँगनं अंगठा दाखवला, म्हणजे 'लाइक' दिलं, की डोक्यात काय होतं? तेही बघता येतं! 2016 साली कॅलिफोर्नियात लॉरेन शर्मन आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी 13 ते 18 वर्षांच्या 32 मुलामुलींना बोलावलं. त्यांना एका मोठ्या यंत्रात झोपवलं. एमआरआय म्हणतात त्याला. ते मेंदूचे फोटो काढतं, आणि अजिबात दुखत नाही. आत झोपल्या झोपल्या 12 मिनिटांत त्यांनी 148 फोटो पाहिले. त्यातले 40 फोटो त्यांचे स्वतःचे! प्रत्येक फोटोखाली किती लाइक आले, तो आकडा.

आपल्या फोटोला भरपूर लाइक दिसले, की मेंदूच्या आत खोलवर एक चिमुकला भाग लखलख जागा व्हायचा. हा भाग एरवी कधी जागा होतो माहितीये? चॉकलेट खाताना! पैसे जिंकताना! म्हणजे लाइक मिळणं हे मेंदूला चक्क खाऊसारखं लागतं. दिसत नाही, चावता येत नाही, पण गोड लागतं.

आणि आता ऐक खरी गंमत. ते लाइक खोटे होते! शास्त्रज्ञांनीच आकडे घातले होते. एकच फोटो अर्ध्या मुलांना भरपूर लाइकसह दाखवला, अर्ध्यांना थोड्या लाइकसह. ज्यांना भरपूर दिसले, त्यांचं स्वतः त्याला लाइक द्यायचं प्रमाणही जास्त! फोटो तोच की! पण खालच्या आकड्यानं तो जास्त छान दिसायला लागला.

आठवतंय? भाचीनं तिसऱ्या चांदणीपाशी थांबून काय केलं होतं? दुसऱ्यांचं वाचलं होतं.

आता मी तुला माझा सर्वांत लाडका प्रयोग सांगणार आहे. पाणी पिऊन ये, मी थांबतो.

आलास? आलीस? बैस.

समज, तुझ्या शाळेत आठवीचे आठ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गात तीच 48 गाणी वाजवली. कुणीच आधी न ऐकलेली. अनोळखी गायकांची. फळ्यावर गाण्यांची नावं आणि पुढं, आतापर्यंत किती जणांना ते आवडून घरी न्यावंसं वाटलं, त्याचा आकडा. सुरुवातीला सगळीकडं शून्य. पण एका वर्गातल्या मुलांना फक्त आपल्याच वर्गाचा फळा दिसतो. शेजारच्या वर्गात काय चाललंय, कळत नाही.

हे खरंच झालं! शाळेत नाही, इंटरनेटवर. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केलं. 2006 साली ते छापून आलं. किती जणांनी भाग घेतला असेल? 14,341! आणि त्यातले बहुतेक जण आले होते किशोरवयीनांच्या आवडीच्या एका संकेतस्थळावरून. आठ वेगवेगळी 'जगं' केली होती, आपल्या आठ वर्गांसारखी. आणि एक नववं जग असं, की तिथं आकडाच दिसत नव्हता. गाणं ऐका, स्वतःच ठरवा.

तुला काय वाटतं? आठही जगांत तेच गाणं पहिलं येईल? चांगलं गाणं ते चांगलंच, हो ना?

चूक! साफ चूक!

'लॉकडाऊन' नावाचं एक गाणं होतं. आकडे नसलेल्या जगात त्याचा नंबर आला 48 पैकी 26 वा. ना धड वर, ना धड खाली. आकडे दिसणाऱ्या एका जगात ते आलं पहिलं! आणि दुसऱ्या एका जगात? चाळिसावं!! गाणं तेच रे! सूर तेच, शब्द तेच! एका वर्गात ते हिरो, शेजारच्या वर्गात झीरो.

असं का झालं? एका जगात सुरुवातीच्या चार-दोन जणांना ते आवडलं. फळ्यावर आकडा चढला. पुढच्यांनी आकडा बघून आधी तेच ऐकलं. आकडा आणखी चढला. दुसऱ्या जगात सुरुवातीच्यांनी ते ऐकलंच नाही. संपलं! अगदी वाईट गाणी सहसा वर गेली नाहीत आणि अगदी छान गाणी सहसा तळाला गेली नाहीत, हे खरं. पण मधल्यांचं काय होईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा माझ्या लहानपणच्या आवडत्या गाण्यांकडं जरा संशयानंच बघायला लागलो!

म्हणजे पहिला अंगठा फार महत्त्वाचा. किती महत्त्वाचा? तेही मोजलंय! 2013 साली तीन शास्त्रज्ञांनी एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांवर खेळ केला. लोक एकमेकांच्या लिहिण्याला वर-खाली अंगठे द्यायचे, अशा ठिकाणी. काही प्रतिक्रियांना, मनाला येईल तशा निवडून, आल्या आल्या एक फुकटचा वर अंगठा देऊन टाकला. फक्त एक! बास! शेवटी मोजलं तर त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त! गॅदरिंगमध्ये एकानं टाळी वाजवली की सगळा हॉल वाजवतो ना, तसंच.

मग काहींना फुकटचा खाली अंगठा दिला. आता त्या प्रतिक्रिया बुडाल्या असतील, असं वाटतं ना? नाही! लोक धावून आले आणि वर अंगठे देऊन त्यांनी ती तूट भरून काढली! कुणाला उगीच ढकललं, की मैदानावर बाकीचे "ए, चीटिंग नाही हं!" म्हणून येतात, अगदी तसं. मला हे वाचून फार बरं वाटलं. माणसं तितकीही वाईट नाहीत!

आता तू म्हणशील, मामा, सगळ्यांना आवडतं ते आपल्यालाही आवडतं, इतकंच ना? मलाही तसंच वाटायचं. पण खरी गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती ऐकून मला भाचीची थोडी दयाच आली.

अमेरिकेतच अटलांटा शहरात ग्रेगरी बर्न्स नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 12 ते 17 वर्षांच्या मुलांना गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले. मुलांनी चांदण्या दिल्या. मग कधी कधी ते गाणं किती लोकप्रिय आहे हे दाखवलं, आणि पुन्हा चांदण्या द्यायला सांगितलं. लोकप्रियता दिसली, की साधारण पाचातल्या एका वेळी मुलांनी आपलं मत बदललं. बदललं ते बहुतेक वेळा गर्दीच्या दिशेनंच! हे सगळं चालू असताना त्यांचा मेंदू यंत्रात दिसत होता. मत बदलणाऱ्यांच्या मेंदूत कोणता भाग जागा झाला असेल? आनंदाचा?

नाही. काळजीचा!

तुझ्या शाळेत कधी रंगीत कपड्यांचा दिवस असतो का? आणि तू विसरून गणवेश घालून गेलास, किंवा गेलीस, असं कधी झालंय? सगळं पटांगण लाल, पिवळं, निळं. आणि मधोमध आपण एकटेच गणवेशात! पोटात कसा गोळा येतो! माझं चौथीत झालंय असं. मी दिवसभर दप्तर पोटाशी धरून बसलो होतो.

सगळ्यांच्या पाच चांदण्या आणि आपल्या एकटीच्या तीन, म्हणजे हाच गोळा. भाचीला भजी काही अचानक आवडली नव्हती. तिला फक्त गणवेशात जायचं नव्हतं.

एक चांदणी सापडली बघ! आता दुसरी.

तुझ्या घरी रोज वरण होतं ना? त्याबद्दल शेवटचं कोण कधी बोललं? आठवत नाही! कारण वरण रोज ठीकठाक असतं. पण मीठ जास्त पडू दे, मग बघ! "आई, काय हे!" आणि आजीच्या हातची फोडणी असली, की "वा वा!" मधल्या वरणाला कुणी काही म्हणतच नाही. इंटरनेटवरही तसंच. वस्तूंच्या रिव्ह्यूंचा आलेख काढला, तर पाच चांदण्यांचा मोठा ढीग दिसतो, एका चांदणीचा छोटा ढीग, आणि मधे खड्डा! तीन चांदण्यांची भजी जगात भरपूर असतात. पण 'बरी होती' असं लिहायला मोबाइल काढतो कोण?

अंगात काहीतरी सळसळलं, तरच अंगठा हलतो. 2012 साली जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी एका अमेरिकी वर्तमानपत्रातले सुमारे 7,000 लेख तपासले. कोणते लेख लोक एकमेकांना जास्त पाठवतात? 'अबब!' म्हणायला लावणारे! राग आणणारे आणि काळजीत पाडणारेसुद्धा. नुसते उदास करणारे लेख मात्र लोक कमी पाठवतात.

'अबब'चा एक शेजारचाच नमुना सांगतो. बीडला लागूनच नगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तिथं सारोळा कासार गावात सुमन धामणे नावाच्या आजी राहतात. यूट्यूब म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. 2020 साली त्यांच्या सतरा वर्षांच्या नातवानं त्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. 'आपली आजी' हे त्या चॅनेलचं नाव. आणि सुरुवातीच्या दिवसांत लाखो लोकांनी डोळे मोठे करून कुठला पदार्थ बघितला, सांगू? कारलं! अरे, कारलं!! घरात आईनं केलं तर आपण ताटाखाली लपवतो ते!

भाचीच्या अंगातही त्या दिवशी काहीतरी सळसळत होतंच. पण भज्यांमुळं नाही. धबधब्यामुळं! ओले केस, गार वारा, मामाचा भिजलेला चष्मा, सगळ्यांचं खिदळणं. तो सगळा आनंद बिचाऱ्या भज्यांच्या खात्यात जमा झाला. आणि ते लिहिणं हे भज्यांबद्दल नव्हतंच मुळी. ते होतं, 'बघा बघा, मी सौताड्याला आलेय!' स्वतःबद्दल सांगायला माणसाला इतकं आवडतं, की हार्वर्ड विद्यापीठात 2012 साली केलेल्या प्रयोगात लोकांनी त्यासाठी हातचे थोडे पैसेसुद्धा सोडून दिले!

सापडली दुसरी चांदणी!

जाता जाता आणखी एक. कधी कधी चांदण्या सरळसरळ विकत घेतल्या जातात. 'पाच चांदण्या द्या, सरबत फुकट!' मॉनिटरच्या निवडणुकीआधी कुणी वर्गात गोळ्या वाटतं का? तसंच हे. आपल्याकडं प्रेशर कुकरवर ज्यांचा शिक्का असतो ना, त्या भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर 2022 मध्ये खास रिव्ह्यूंसाठी नियमावली काढली. आयएस 19000:2022 हे तिचं नाव. पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू छापायचे नाहीत, असं त्यात सांगितलंय. कुकरसारखाच चांदण्यांनाही नियम! आणि दुकानदारानं खरंच फसवलं असेल, तर एक चांदणी देऊन रुसून बसू नये. घरातल्या मोठ्यांना 1915 हा नंबर फिरवायला सांगावं. तो ग्राहकांच्या तक्रारींसाठीच आहे.

पण मला सगळ्यात जास्त विचार पडतो तो न लिहिलेल्या रिव्ह्यूंचा.

दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, पण मोजायचं हत्याराच्या नावानं! राहायचं फडाजवळ कोपीत. कोपी म्हणजे काठ्या, पाचट आणि ताडपत्रीची झोपडी. अनेक घरांतली मुलंही आईबापाबरोबर जातात. त्यांच्यातल्या एखाद्या ताईच्या हातात मोबाइल असतोच की.

आता एकच मोबाइल दोघींना दे. बीड शहरातली ताई लिहील, 'कॅमेरा झक्कास! सेल्फी एक नंबर!' कोपीतली ताई काय लिहील? 'बॅटरी दोन दिवस पुरते. रात्री टॉर्चच्या उजेडात भाकरी थापता येते. आवाज मोठा, ट्रॅक्टरजवळही रिंग ऐकू येते.' मला विचारशील, तर हा दुसरा रिव्ह्यू सोन्यासारखा! पण पहाटे अंधारात उठून, दिवसभर मोळ्या बांधून, रात्री चूल पेटवणारी ती ताई तो लिहिणार कधी? तिच्या मैत्रिणी तर चार कारखान्यांवर पांगलेल्या. म्हणून इंटरनेटवरच्या मोबाइलला कॅमेऱ्याचे मार्क मिळत राहतात, आणि टॉर्चचे राहून जातात.

बरं, भाचीचं पुढं काय झालं? मी तिला हे सगळं सांगितलं. ती आधी फुगली. "मामा, तुम्ही पण ना! भज्यांचं सुद्धा संशोधन करता!" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा गपचूप मला मोबाइल दाखवला. तिनं जुना रिव्ह्यू बदलला होता. तीन चांदण्या. खाली लिहिलं होतं, 'कांदा ताजा होता. तेल जास्त होतं. चहा चांगला. खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणून त्या बाजूला बसा.'

आजीनं वाचलं असतं, तर म्हणाली असती, "हिनं डोळे बघितले!"

आता तुझी पाळी. घरून भाजलेले शेंगदाणे घेऊन जा. सगळे एकाच कढईतले हवेत. दोन बशांत ठेव. एका बशीखालच्या कागदावर आधीच नऊ चांदण्या काढून ठेव, दुसरीच्या खाली एकच. मित्रमैत्रिणींना एकेकट्यानं बोलाव आणि विचार, कोणते जास्त खमंग? अर्ध्यांना चांदण्या दाखव. उरलेल्यांना कागद दुमडून दे. उत्तरं वहीत लिही, आणि शेवटपर्यंत गुपित फोडू नकोस.

निकाल मला पोस्टकार्डावर नक्की कळव. आणि हो, शेंगदाणे चार मुठी जास्तीचे ने. प्रयोग संपायच्या आत शास्त्रज्ञच ते खाऊन टाकतात, हे मी स्वतः पाहिलंय!